कापश्याची बदली

निरंजनकाकांकडे आम्ही फक्त एक उथळ ताटली मागायला गेलो होतो. पिल्लाला खोल वाटीतून खाता येत नव्हतं, सगळं तोंड दुधात बुडायचं.

पिल्लू चार दिवसांपूर्वी आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या मागच्या गल्लीत सापडलं. त्याची आई आणि दोन भावंडं गटारीच्या कडेला मेलेली होती. कुणीतरी लाडवातून विष टाकलं होतं. असं करणारा माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो, सकाळी देवाला हात जोडतो, हे मला अजून पटत नाही. मी आणि माझा भाऊ मोहित, आम्ही मूळचे बहादरपूर गावचे. शिकायला इथं आलो, या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, येऊन जेमतेम महिना झाला होता. पिल्लू घरात आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की किरायेदारांनी जनावरं पाळू नयेत. मोहितनं त्याला कायद्याची चार कलमं पाठवली आणि मग ग्रुप शांत झाला. पण गल्लीत विष टाकणारा ग्रुपवर आहे की नाही, हे कुणाला माहीत?

म्हणून मोहितनं ठरवलं होतं, की पिल्लाला असं शिकवायचं की ते फक्त त्याच्याच हातचं खाईल. तेही एक ठरलेला शब्द ऐकल्यावरच.

निरंजनकाका पेपर मिलमधून रिटायर झालेले. पहिल्या मजल्यावर राहतात. झोप येत नाही म्हणून रोज रात्री खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल घेऊन बसतात. साडेदहा वाजले होते. मोहितनं त्यांना आपला बेत सांगितला.

"ताटली देतो," काका म्हणाले, "पण ते शब्दाचं काम करू नको."

"सायन्स आहे काका ते. मिलिट्रीची कुत्री अशीच शिकवतात."

"माहीत आहे. आमच्या मिलमध्येपण शिकवायचे." त्यांनी मोहितच्या हातातलं पिल्लू मांडीवर घेतलं. "तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप पाहिलंस ना? तिथं काय झालं, कुणी सांगितलं का तुम्हाला?"

"दुकानवाले होते, घर बदललं, असं ऐकलं," मी म्हणाले.

"घर बदललं, ते नंतर. बसा."

आम्ही पायरीवर बसलो.

"गिरधर माझा दोस्त. मिलच्या सिक्युरिटीत कुत्री सांभाळायचा. तीस वर्षं तेच काम. रिटायर झाल्यावर इथं शहरात फ्लॅटवाल्यांची कुत्री शिकवू लागला. लिफ्टमध्ये कसं बसायचं, बेल वाजली तर भुंकायचं नाही, गॅलरीत घाण करायची नाही. लोक विदेशी कुत्रं आणतात, हौस फिटली की त्याला दिवसभर बाथरूममध्ये कोंडतात. गिरधर अशा घरी जाऊन आधी माणसांना शिव्या द्यायचा, मग कुत्र्याला हात लावायचा.

"तिसऱ्या मजल्यावर संतोष राहायचा. कापडाचं दुकान त्याचं. बायको रश्मी. आणि संतोषची आई, मालूबाई. तुकईथडची बाई, उभा जन्म शेतात गेलेला. नवरा गेल्यावर संतोष तिला इथं घेऊन आला, तर ती म्हणाली, मी येईन पण कुत्रं येईल. शेतातलं गावठी कुत्रं. पांढरंशुभ्र, वेचलेल्या कापसासारखं. नाव कापश्या.

"आता शेतातलं कुत्रं तिसऱ्या मजल्यावर. तुम्हीच विचार करा. कुकरच्या शिट्टीवर भुंकायचं, शेजाऱ्याच्या चपला गॅलरीतून खाली टाकायचं. मग गिरधरला बोलावलं. तीन महिन्यांत त्यानं त्या कुत्र्याचा देव केला. दार उघडलं की बसायचं, आधी मालूबाई बाहेर जाणार, मग कापश्या. मालूबाईचे गुडघे गेलेले. लिफ्ट तर या बिल्डिंगला नाहीच. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती भिंतीला हात टेकून उभी राहायची. तर गिरधरनं शिकवलं, की वळण आलं की कापश्यानं बसायचं, तिच्या तोंडाकडे पाहायचं, ती निघाली की उठायचं. मी रोज बघायचो. म्हातारी आणि कुत्रं, सहा वळणं, सहा मुक्काम.

"मग दिवाळीच्या आसपास मागच्या गल्लीत तीन कुत्री मेली."

"लाडू?" मोहितनं विचारलं.

"लाडू. मालूबाई घाबरली. कापश्याला रस्त्यावरचं उचलायची सवय. ती गिरधरला म्हणाली, 'भाऊ, असं कर, का तो माह्या हातचंच खाईन. दुसऱ्या कोनाचं नाई.' गिरधर म्हणाला, त्यात काय, मिलमध्ये हेच करायचो. चोरानं मटण टाकलं तरी आमची कुत्री तोंड लावायची नाहीत. ताटलीसमोर बसायचं, कानात शब्द पडला की खायचं. शब्द नाही तर अन्न नाही.

"पण मिलमध्ये एक नियम होता. कुत्र्याचा शब्द दोघांना माहीत असायचा. एक ड्युटीवरचा आणि एक बदलीवाला. शिफ्ट संपली की बदलीवाला येऊन हात पुढे करायचा, म्हणायचा, 'बदली आली.' ड्युटीवाला पट्टा त्याच्या हातात द्यायचा. आणि त्या आठवड्याचा शब्द त्याच्या कानात सांगायचा. मोठ्यानं नाही, कानातच. माणूस आजारी पडतो, मरतो. कुत्रं उपाशी राहता कामा नये.

"गिरधरला वाटलं, घरात कुठे ड्युटी बदलते? तो मालूबाईला म्हणाला, 'असा शब्द निवडा, की बोलता बोलता कुणाच्या तोंडी येणार नाही. आणि कुणाला सांगू नका. मलापण नाही.' म्हातारी हसली. म्हणाली, 'बारशाले आत्या कानात नाव सांगते, तसं का?' तो म्हणाला, 'तस्संच.'

"तसंच झालं. ती भाकर दुधात कुस्करायची. ताटली ठेवायची. वाकून कापश्याच्या डाव्या कानाला हाताचा आडोसा करायची, काहीतरी पुटपुटायची. मग तो खायचा. मालूबाईला दातांना मिसरी, भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची सवय. बोट कायम काळं. त्यामुळे पांढऱ्या कुत्र्याचा डावा कान रोज काळा. रश्मी पुसून पुसून वैतागायची. म्हणायची, 'आई, त्याला तुमची मिसरीची डबीच समजता का?'

"मी स्वतः त्याच्यासमोर मावा जिलेबी धरली, गरम. त्यानं तोंड फिरवलं. संतोषनं अंडं दिलं, रश्मीनं दूधभात दिला. नाही. गिरधरनं व्हिडिओ काढला, बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवायला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

पिल्लाच्या पाठीवरून काकांचा हात फिरत होता.

"सहा डिसेंबर, शनिवार," ते म्हणाले. "दुपारी मालूबाई जेवून आडवी झाली आणि उठली नाही."

मोहितनं माझ्याकडे पाहिलं. पुढचं आम्हाला कळलं होतं.

"पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात माणसं, रडारड. मग रश्मीला दिसलं, ताटली तशीच आहे. तिनं लाड केले, रागावली, पाया पडली. सासूचं लुगडं नेसून बसली त्याच्यासमोर. त्यानं वास घेतला आणि बाजूला जाऊन पडला. पाणी प्यायचा, तेवढंच. गिरधर धावत आला. दोन दिवस तो आणि संतोष ताटलीसमोर बसून शब्द बोलत होते. देवांची नावं. गावाची नावं. शेताचं नाव, बैलांची नावं, संतोषच्या बापाचं नाव. वहीत लिहून ठेवत होते, कोणता शब्द झाला. कापश्या प्रत्येक शब्दाला कान उभे करायचा. बरं का... प्रत्येक शब्दाला. आणि मग खाली पाडायचा.

"डॉक्टरनं सलाईन लावलं, त्यानं नळी ओढून काढली. डॉक्टर म्हणाला, अजून एक-दोन दिवस.

"गिरधर माझ्यासमोर, इथंच, रडला. तीस वर्षांत एक कुत्रं उपाशी ठेवलं नव्हतं त्यानं. म्हणाला, 'निरंजन, विष टाकणारा बरा रे. तो लवकर तरी मारतो.'

"आता त्या रात्रीचं ऐका. अकरा डिसेंबर, गुरुवार. संतोष आणि रश्मी पुढच्या विधीसाठी तुकईथडला गेले होते. मालूबाईच्या अस्थी तिसऱ्याच दिवशी तापीत सोडल्या. तिचा चष्मा आणि मिसरीची डबी, रश्मीनं अस्थींसोबतच बांधून दिली होती. घर फिनाईलनं धुतलं होतं. किल्ली माझ्याकडे. गिरधर साडेआठला आला, किल्ली घेतली. म्हणाला, 'पाणी बदलतो, रात्रभर बसतो त्याच्याजवळ.' मी म्हणालो, येऊ का सोबत? तो म्हणाला, गर्दी नको, कुत्रं थकलंय.

"पुढचं सगळं त्यानं मला सकाळी सांगितलं, तसंच सांगतो.

"त्यानं ताजी भाकर दुधात कुस्करून ताटली ठेवली. कापश्या उठला, ताटलीसमोर बसला आणि वाट पाहत राहिला. उपाशी कुत्रं, लाळ गळतेय, पण बसलेलं. शिकवलं होतं ना. अर्ध्या तासानं पुन्हा जाऊन पडला. गिरधरनं त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि दुसरं टोक मोकळं सोडलं. म्हटलं, रात्री बाहेर जावंसं वाटलं तर हाताशी असावा. मग तो भिंतीला टेकून बसला. डोळा लागला.

"जाग आली तेव्हा मोबाईलमध्ये दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कापश्या दाराशी उभा होता. शेपूट हलत होती.

"सहा दिवसांत पहिल्यांदा.

"गिरधरला आनंद झाला. त्याला वाटलं, लघवीला जायचंय. त्यानं दार उघडलं.

"कापश्या बाहेर गेला नाही. खाली बसला.

"गिरधर म्हणाला, 'चल बाबा.' नाही. तो बसूनच. मान वर. नजर आतल्या खोलीकडे. मग ती नजर हळूहळू सरकली. खोलीकडून दाराकडे. दाराकडून बाहेर. वाकलेल्या माणसाचं तोंड जितक्या उंचीवर असतं ना, तितक्या उंचीवरून.

"मग तो उठला आणि निघाला."

"काका," मी म्हणाले. मी मोहितच्या जवळ सरकले.

"जिन्यातले दिवे आपोआप लागणारे आहेत, तुम्हाला माहीत आहे. दिव्याखालून माणूस गेला की लागतात. गिरधर दारात उभा. कापश्या अजून पहिल्याच पायरीवर. आणि खालच्या वळणावरचा दिवा... लागला.

"कापश्या वळणापर्यंत गेला. बसला. वर पाहिलं. भिंतीजवळ.

"थांबला.

"मग उठला. पुढचं वळण. पुढचा दिवा, त्याच्याआधी. बसला. वर पाहिलं.

"गिरधर मागे निघाला. त्याला वाटत होतं, सवय आहे, सवयीनं चाललंय कुत्रं. दिव्यांत बिघाड आहे. तिसऱ्या वळणावर तो दोन पायऱ्यांच्या अंतरावर आला. तेव्हा त्याला पट्टा दिसला.

"पट्टा कापश्याच्या गळ्यात होता. दुसरं टोक मोकळं सोडलं होतं, सांगितलं ना मी. ते जिन्यावर घासत यायला हवं.

"ते खाली नव्हतं.

"कमरेइतकं वर होतं. पट्टा सैल. मधे थोडा झोळ. कुणीतरी हातात धरल्यावर असतो तसा."

पार्किंगमधला दिवा गेला, कारण आम्ही कितीतरी वेळ हललो नव्हतो. मोहितनं पटकन हात हलवला. दिवा आला.

"चौथं वळण," काका म्हणाले. "पाचवं. प्रत्येक ठिकाणी थांबणं. पूर्वीइतकंच. गिरधर म्हणतो, थांबल्यावर दम लागल्याचा आवाज येत होता. आपलाच असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग श्वास रोखून पाहिला.

"आवाज येत होता.

"खाली आले. ते बघा, ते जाळीचं गेट. तिथं. कापश्या गेटसमोर बसला. आधी ती जाणार, मग तो. गिरधर शेवटच्या पायरीवर. तुम्ही बसलात ना, त्याच पायरीवर.

"गेटची कडी हलली.

"आणि गिरधरला कळलं. ही फिरायला नेत नाही. ही घेऊन चालली. सहा दिवस वाट पाहिली तिनं, कुणी खाऊ घालतं का. कुणी घातलं नाही. घालू शकलंच नाही... त्याच्याच शहाणपणानं.

"त्याला ओरडायचं होतं. पण तीस वर्षांत जे रोज केलं, तेवढंच हाताला आठवलं. त्यानं हात पुढे केला. तळवा वर.

"म्हणाला, 'मालूबाई... बदली आली.'

"कडी थांबली.

"काही नाही. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. गल्लीतसुद्धा आवाज नाही. हात तसाच पुढे. त्यानं मागे घेतला नाही.

"मग त्याच्या तळव्यावर पट्टा आला.

"पडला नाही. ठेवला कुणीतरी. मूठ गरम होती पट्ट्याची. खूप वेळ धरल्यावर होते तशी.

"आणि वास आला. एकदम जवळ. डाव्या बाजूला.

"त्यानं डोळे मिटले.

"..."

पिल्लू झोपेत पाय हलवत होतं.

"डोळे उघडले तेव्हा कापश्या पट्टा ओढत होता. वर. गिरधर त्याच्यामागे फरपटत गेला. एकाही वळणावर कुत्रं थांबलं नाही. सहाच्या सहा वळणं, सरळ. त्याच्यासोबत थांबणारं कुणी उरलं नव्हतं. घरात येऊन ताटलीसमोर बसला, गिरधरकडे पाहिलं. गिरधर वाकला. त्याच्या कानाला हाताचा आडोसा केला. आणि त्याच्या तोंडून एक शब्द गेला.

"कापश्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली. मग दुसरी भाकर. मग तिसरी."

"कोणता शब्द?" मी विचारलं.

"नाही सांगितलं त्यानं. मी विचारलंसुद्धा नाही. तो शब्द त्यांच्या वहीत नव्हता, एवढंच म्हणाला. संतोषला म्हणाला, कुत्रं माझ्याकडे दे. आता तिकडे स्टेशनजवळ राहतात दोघं. आणि सगळ्यात आधी त्यानं काय केलं माहीत आहे? आपल्या सुनेला, वर्षाला बोलावलं आणि शब्द तिच्या कानात सांगितला. बदलीवाली."

मोहित म्हणाला, "काका, राग मानू नका. सहा दिवसांचं उपाशी कुत्रं. कधीतरी ते खाणारच होतं. कुठलाही शब्द चालला असता. बाकी काय, झोप नाही, मनात अपराध. जिन्यातले दिवे तर कसेही लागतात."

"मीपण हेच म्हणालो," काका म्हणाले. "अगदी हेच. सकाळी सहाला मी थर्मासमध्ये चहा घेऊन वर गेलो. गिरधर भिंतीला टेकून बसलेला. कापश्याचं डोकं त्याच्या मांडीवर. पोट फुगलेलं. मी म्हणालो, कुत्र्याला भूक लागली, त्यानं खाल्लं, देवाचे आभार मान आणि झोप. मी कप पुढे केला. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो, खिडकीतून उजेड येत होता. मी म्हणालो, 'गिरधर, कानाला काय लागलंय तुझ्या?'

"त्याला माहीत नव्हतं. मी रुमालानं पुसलं. वास घेतला.

"मिसरी होती. एका बोटाचा ठसा, आणि बाजूला तळहाताची कड लागल्यासारखं थोडं. डबी तापीत गेलेली. घर फिनाईलनं धुतलेलं. मी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, स्वच्छ होते."

काकांनी पिल्लू उचललं. मोहितच्या नाही, माझ्या हातात दिलं.

"मग वाटलं, कुत्र्याच्या कानाची लागली असेल. मी कापश्याला पाहिलं," ते म्हणाले. "त्याचे दोन्ही कान पांढरेच होते."